जोळाची हाक

मी वायरमन होतो. रोह्यात विजेच्या खांबांवर चढण्यात माझी नोकरी गेली आणि उरलेला वेळ शिव्या खाण्यात. लाईट गेली की माणसाला आधी वायरमनची आई आठवते, मग मेणबत्ती. लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या घाटावर, एस.टी.च्या रांगेत, जिथं गाठलं तिथं लोकांनी मला झापलं. तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, माझ्या नोकरीतला तोच भाग खरा उपयोगाचा होता. लोकांना झापायला एक माणूस होता, त्याला घर होतं, घराला कडी होती, आणि ती वाजवली की त्याला लुंगी सावरत बाहेर यावंच लागायचं.

हे सगळं डोक्यात घोळतंय ते माझ्या भाचीमुळं. प्रतिक्षा तिचं नाव. ती शिरखारला दिलीय. कासू स्टेशनात उतरून खाडीच्या अंगाला चालत सुटलं की लागतं. त्या गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे, आणि शेत नि खाडी यांच्यामध्ये नुसता मातीचा बांध. बांधाला भगदाड पडलं, त्याला तिथं खांड म्हणतात, की खारं पाणी आत घुसतं आणि जमीन कित्येक वर्षं मिठाची होते. शेजारच्या गावात तसं झालं. पाणी वेळेत काढता आलं नाही, तिवरं उगवली, म्हणजे खारफुटी, आणि ती तोडायला कायद्यानं बंदी. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं, वहिवाट खेकड्यांची.

म्हणून शिरखारात जोळ आहे. बांध राखणाऱ्या घरांचा जो गट, तो जोळ. बांध गळायला लागला की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन गेलाच पाहिजे. पण त्याला हाक यावी लागते, आणि हाक म्हणजे चौकात उभं राहून ठोकलेली आरोळी नव्हे. हाक देणाऱ्यानं दारोदार जायचं, घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचं, "तुमच्या घरचं एक माणूस बांधाव" म्हणायचं, आणि आतून "आलो" ऐकल्याशिवाय पुढच्या दाराशी जायचं नाही. स्वतःच्या घराला हाक सगळ्यात शेवटी. ज्याला नावानं हाक नाही, तो आला नाही तरी त्याला बोल नाही. "आलो" म्हणून जो आला नाही, त्याच्या घरी मात्र मयताला सुद्धा कोणी जात नसे.

ही हाक प्रतिक्षाच्या सासऱ्यांकडे, जनूकाकांकडे होती. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कुजबुजण्यापुरता उरला. मुलगा हर्षद इकडं रोह्याला धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. मग हाक सुनेकडे आली. बाईमाणूस हाक देणार म्हणून थोडी कुरकुर झाली, पण कर्ती माणसं तशीही गावात सापडत नव्हती. अर्धी पेणला गणपतीच्या कारखान्यांत, अर्धी रोह्याच्या कंपन्यांत. प्रतिक्षानं हाक मोबाईलवर नेली. ग्रुपवर एकदा टाकून मोकळी होणारी ती नव्हे. एकेका घराला वेगळा मेसेज, कर्त्याचं नाव घालून, खाली बांधाचा फोटो, आणि समोरून "आलो" आलं की पुढचं घर.

गेल्या साली कोणीतरी भलत्याच बांधाचा जुना व्हिडिओ "शिरखार फुटलं" म्हणून ग्रुपवर सोडला होता. लोक रोज बुडवून धावत आले, तर बांधावर बगळे बसलेले. प्रतिक्षानं त्या व्हिडिओची तक्रार अ‍ॅपवाल्यांकडे केली. त्यांचं उत्तर आलं की आमच्या नियमांचा यात भंग झालेला नाही. तेव्हा जोळानं ठरवून टाकलं, यापुढं प्रतिक्षाच्या नंबरवरून नावानं आलेली हाक तेवढी खरी, बाकी सगळं खोटं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

पिठोरी अमावास्येच्या सकाळी तिचा फोन आला.

"मामा, माझा फोन बंद केलाय," ती म्हणाली.

मी हसलो. फोन बंद आहे तर बोलतेस काय भोपळ्यातून, असं काहीतरी बोललो. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही, तेव्हा मी खुर्चीवरून उठलो.

ओहोटीच्या वेळी ती बांधावर गेली होती. उघाडीपाशी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची झडप असते तिथं, खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि आतल्या बाजूला ओल आली होती. हातभर जागा. सगळी माणसं वेळेत आली तर जेवणाच्या आत बुजवता येईल एवढं काम. पण दुपारी अमावास्येच्या उधाणाची भरती येणार होती. तिनं फोटो काढला आणि रीतीप्रमाणे पहिल्या दारापासून हाक द्यायला सुरुवात केली. तिसरी आळी सुरू झाली आणि अ‍ॅपनं तिचं खातं बंद केलं. कारण सांगितलं ते असं, की तुम्ही एकच मजकूर भराभर अनेकांना पाठवत आहात, हा फसवणुकीचा प्रकार दिसतो. तुमची हरकत असल्यास कळवा, तपासणी होईल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

एवढ्यावर भागलं नाही. ज्यांना हाक पोचली होती त्यांना आता तिच्या नावावर इशारा दिसू लागला की हे खातं संशयास्पद आहे. हल्ली लोक आधीच धास्तावलेले. लग्नाची पत्रिका म्हणून फाईल येते, उघडली की बँकेतलं सगळं साफ. कोणा उपकारकर्त्यानं गावच्या ग्रुपवर लिहिलं, प्रतिक्षाचा नंबर हॅक झालाय, फोटो उघडू नका, तिचा कॉल उचलू नका. हे मात्र सगळ्यांपर्यंत पोचलं.

"मी दारोदार पण जाऊन आले," ती म्हणाली. "घरात नुसती म्हातारी माणसं हायत. सरूआजी 'आले' म्हणाली नि काठी टेकत निघाली सुद्धा. चुलत जावांना घेऊन मी चिखल लावतेय, पण पुरत नाय मामा. कोण फोनच उचलत नाय. मी काय करू सांगा."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज कोरडा होता आणि मागून फावड्याचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं, तू चिखल लाव, बाकीचं मी बघतो. वायरमनची ही जुनी खोड, आधी सांगायचं बघतो, मग शिडी शोधायची.

मी चप्पल घातली आणि बाजारात निकेशच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्याला म्हटलं, या अ‍ॅपचं हापीस कुठं आहे ते सांग, मला जायचंय. निकेश पोरगा चांगला आहे, पण त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चंद्राचं तिकीट मागतोय. त्यानं दोन-तीन ठिकाणी बोट लावून दाखवलं. अर्ज भरायची जागा होती, माणूस नव्हता. नंबर नव्हता. पत्ता होता तो परदेशातला. त्यानं प्रतिक्षाच्या वतीनं अर्ज टाकला आणि म्हणाला, आता थांबायचं.

मला थांबवेना. मी त्याच्यावरच तापलो. लाईट गेली तर माझी कॉलर धरता, पाणी गेलं तर सरपंचाची, गाडी लेट झाली तर स्टेशनमास्तरची. वीज कंपनीनं बिल भरलेल्या माणसाची लाईट न सांगता तोडली तर वर आयोग आहे, तिथं जाता येतं. मग अख्ख्या गावाची हाक ज्याच्या तारेवरून जाते त्याला कोणी विचारणारा का नाही? निकेश शांतपणे म्हणाला, मामा, खाजगी मालकी आहे, फुकट देतात, फुकटच्या दुधाला आंबट म्हणायचं नसतं. आणि सरकारच्या हातात दिलं तर उद्या सरकारच बंद करील, मग?

तो खोटं बोलत नव्हता. साहेबाच्या मर्जीखातर वस्तीची लाईट काढलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पण ती वस्ती दुसऱ्या दिवशी हापिसावर चालून आली होती, खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या, आणि संध्याकाळी लाईट सुरू झाली होती. चालून जायला हापीस होतं म्हणून. मी निकेशला हे सांगत बसलो नाही. वेळ नव्हता.

दुकानाच्या पायरीवरूनच मी विठूला फोन लावला. विठू म्हणजे जोळाचा पुढारी, पेणला मूर्तीच्या कारखान्यात रंगकामाचा मुकादम. चतुर्थी तोंडावर आलेली, तिकडं रात्रंदिवस काम चाललेलं. त्यानं उचलला हेच नशीब. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मोरूदादा, तुम्ही मोरूदादाच कशावरून?"

मी म्हटलं, अरे माझा आवाज ओळखत नाहीस?

"हल्ली आवाज पण नकली काढतात. परवाच एकाला त्याच्या बापाच्या आवाजात फसवलान. वर्षाची कमाई या चार दिवसांवर हाय, गाड्या भरायला उभ्या हायत. गेल्या टायमाला पोरांचा रोज बुडाला तो मीच भरून दिला. प्रतिक्षाची हाक आली तर येतो. जोळाचाच नियम हाय."

मी त्याला घातल्या त्या शिव्या आयुष्यभर खाल्लेल्यांपैकी निवडक होत्या. त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर लागेना. आपत्तीच्या नंबरवर फोन केला, त्यांनी नीट नोंद घेतली, पण त्यांची माणसं दुसऱ्या एका गावच्या बांधावर अडकली होती. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. त्यात त्यांचीही चूक म्हणवत नाही, उधाण सगळ्याच खाडीला होतं.

शेवटी एक गोष्ट उरली होती, तोंड दाखवणं. आवाज नकली निघतो, पण हे टक्कल अजून कोणी नकली काढलेलं नाही. मी रिक्षा करून धाटावला गेलो. हर्षदच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करतात, त्याला घरी काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. वॉचमन माझ्या ओळखीचा निघाला. त्यानं आत निरोप दिला, हर्षद बाहेर आला आणि माझं तोंड बघून काही न विचारता सुपरवायझरकडे पळाला. येताना शिरखारची आणखी माणसं घेऊन आला. शेजारच्या गेटावर मी स्वतः उभा राहून नावं घेऊन हाका मारल्या. एक टेम्पो ठरवला. तो भरला म्हणता येणार नाही, पण निघाला.

निडीच्या पुढं रस्त्याची चाळण झाली होती. खड्डा आला की ड्रायव्हर टेम्पो हळू करी आणि मागची माणसं पत्र्यावर थापा मारत. हर्षद सारखा प्रतिक्षाला फोन लावत होता. नागोठण्यापर्यंत ती उचलत होती. पाणी चढतंय, एवढंच सांगायची. त्यानंतर तिनं उचलला नाही. मी आयुष्यात विजेच्या तारेला इतका भ्यालो नाही जितका त्या वाजत राहिलेल्या फोनला भ्यालो.

आम्ही पोचलो तेव्हा बांध अजून उभा होता, पण नावापुरता. उघाडीपाशी प्रतिक्षा कमरेइतक्या चिखलात पाठ लावून उभी होती, तिच्या बाजूला तिच्या जावा, आणि सरूआजी वर बसून गोण्यांची तोंडं बांधत होती. जनूकाका हातानं माती ओढत होते. आम्ही उड्या टाकल्या. मी म्हातारा माणूस, मला घमेलं जड जात होतं, तरी दिलं. माती टाकली की पाणी ती घेऊन जात होतं. थोडी माणसं अजून असती तर, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. 

मग बांधानं जागा सोडली. मोठा आवाज वगैरे झाला नाही. पायाखालची माती मऊ झाली, हर्षदनं बायकोला दंडाला धरून वर खेचलं, आणि ती उभी होती तिथून खाडी आत गेली. लावणी होऊन महिना झालेलं भात, पोटऱ्यांना लागेल एवढं वाढलेलं, आधी आडवं झालं, मग दिसेनासं झालं. पाण्यावर हिरवी टोकं थोडा वेळ हलत होती. जनूकाका तोंड उघडून काहीतरी ओरडत होते आणि आवाज येत नव्हता. मला रडू कोसळलं, मी ते लपवलं नाही.

आम्ही मागं सरून आतल्या बांधावर आलो. पेणची माणसं त्यानंतर आली. कासूकडून कोणीतरी पाणी पाहून फोन केले होते, आणि त्या फोनवर त्यांचा विश्वास बसला. हातांना सोनेरी रंग लागलेला, कपड्यांवर गुलाबी शिंतोडे, अशी ती सगळी तिथंच येऊन थांबली. हा आतला बांध बुटका आहे, त्याच्या मागं गावची घरं. त्यांनी समोरचं पाणी पाहिलं. मग त्यांना झापायला कोणीतरी हवं होतं. मला ती नजर ओळखीची आहे.

विठू प्रतिक्षासमोर येऊन उभा राहिला. बाईच्या हातात हाक दिली तेव्हाच मी नको म्हटलं होतं, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मागून एकानं मोबाईलचं वेड काढलं, एकानं तिच्या माहेराचा उद्धार केला. प्रतिक्षाच्या केसांत चिखल होता, हातांची सालं गेली होती. ती खाली बघून ऐकत होती.

"आमाला हाक नाय आली," विठू म्हणाला. "हाक आली असती तर आलो असतो. तुझ्यापायी गेलं आमचं."

मी मध्ये गेलो. "मला घाला काय घालायच्या त्या," मी म्हटलं. "मला सवय हाय. तिला बोलू नका. तिची हाक ज्यानं मधल्यामधी दाबली त्याचं दार दाखवा. मी पुढं होतो, तुम्ही मागून या."

 मग गर्दीतून एकानं अगदी मनापासून विचारलं, "कुठं हाय ते दार?"

 परदेशातल्या एका पत्त्यावर, असं मी काय सांगणार होतो त्या चिखलात उभ्या माणसांना. माझी मान खाली गेली. एवढ्या वर्षांत माझ्या दारावर आलेल्या माणसाला मी कधी दार नाही असं सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सरूआजीच्या मांडीवरच्या पिशवीत प्रतिक्षाचा फोन वाजला. प्रतिक्षानं हात पदराला पुसून तो पाहिला. तपासणी पूर्ण झाली आहे, तुमचं खातं पुन्हा सुरू करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. खाली कोणाचं नाव नव्हतं. आणि सकाळी खातं बंद झाल्यावर, 'आलो'ची वाट न बघता तिनं पुढच्या घरांना पाठवलेल्या, अडकून पडलेल्या हाका एकदम सुटल्या.

पहिला विठूचा फोन वाजला, कारण तिसऱ्या आळीत त्याचं दार पहिलं. मग त्याच्या शेजारच्याचा, मग पलीकडच्याचा. दारांच्या ओळीनं, रीतीप्रमाणे. विठूनं फोन काढला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. "विठूभाव, तुमच्या घरचं एक माणूस बांधाव." खाली फोटो होता. बांधावर हातभर ओल, आणि तिच्या मागं सकाळचं भात, हिरवंगार, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं.

विठू तो फोटो बघत राहिला. मग त्यानं समोरच्या पाण्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला. 

"आलो गो," तो म्हणाला.

शेजारचा म्हणाला, "आलो." त्याच्या पलीकडचा म्हणाला. ज्याला ज्याला हाक पोचली त्यानं त्यानं फोन वाचून तोंडानं उत्तर दिलं, कोणी हळू, कोणी रडत. ज्यांना सकाळीच पोचली होती आणि ज्यांनी आधी 'आलो' लिहून मग ती खोटी समजून पुसली होती, त्यांनीही मान खाली घालून म्हटलं. प्रतिक्षा प्रत्येकाकडे बघत होती आणि एकाचं ऐकून झाल्यावर पुढच्याकडे वळत होती.

शेवटी हर्षदच्या खिशातला फोन वाजला. स्वतःच्या घराची हाक. हर्षदला बोलवेना. जनूकाकांनी ओठ हलवले, पण ऐकू काही आलं नाही, आणि ऐकल्याशिवाय हाक पुरी होत नाही. सगळे थांबले होते.

"आले," प्रतिक्षाच म्हणाली.

मग तिनं चिखलात पडलेलं घमेलं उचललं आणि आतल्या बांधावर माती चढवायला निघाली, कारण त्याच्या मागं घरं होती आणि पुढची भरती यायची होती. माणसं तिच्या मागून गेली. मीही गेलो.